‘कोबाल्ट ब्लू’ आवडली की नाही, तेच ठरत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आमचा एक छोटा वाचनगट आहे. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही भेटतो, कधी कॉलेज रोडला कुणाच्या दिवाणखान्यात, तर कधी इंदिरानगरला कुणाच्या गच्चीवर. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’साठी एक रविवार ठेवला होता. तो पुरला नाही म्हणून दुसरा ठेवला, तोही पुरला नाही. तेव्हापासून माझ्या फोनवर या पुस्तकाबद्दल प्रश्न येत आहेत, काही गटातल्यांचे आणि बरेचसे त्यांच्या ओळखीतल्यांचे. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळी उत्तरं एका जागी केली आहेत. मतं माझी आहेत, गटाचं एकमत आजही झालेलं नाही. कथानक आधी कळायला नको असेल त्यांनी पहिला प्रश्न सोडून थेट २ आणि ३ वाचावेत, बाकीचे पुस्तक संपल्यावर.

१. कादंबरीत आहे तरी काय? थोडक्यात सांगा.

पुण्यातलं एक मध्यमवर्गीय जोशी कुटुंब. घरातली एक खोली पेइंग गेस्टला दिली जाते. येणारा तरुण भाड्याला चोख आहे, घरकामात हात लावतो, आईचं बोलणं शांतपणे ऐकून घेतो. त्याला आडनाव नाही, घरदार नाही, मित्र नाहीत आणि पुढे काय करायचं याचा काही बेतही नाही. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो. तनयची बहीण अनुजाही त्याच्या प्रेमात पडते. अनुजा त्याच्याबरोबर घर सोडते आणि काही महिन्यांनी एकटीच परत येते.

हे सगळं घडून गेल्यानंतर पुस्तक सुरू होतं. पहिला भाग तनयचा. निघून गेलेल्या त्या माणसाला ‘तू’ म्हणत तो बोलत राहतो. दुसरा भाग म्हणजे अनुजाची डायरी. कोण कोणाबरोबर गेलं हे कळायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे रहस्यकथेसारखी ‘पुढे काय’ची ओढ इथे शोधू नका.

२. २००६ सालची कादंबरी. तिला अजून ‘आजची’ म्हणायचं का?

मौज प्रकाशनाने ती २००६ मध्ये काढली. लेखकाने ती विशीत लिहिली, आणि ते वय पानापानावर जाणवतं, चांगल्या अर्थानेही आणि थोडं खटकण्याइतपतही. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ चा, सिनेमा २०२२ चा. एवढ्या वर्षांत पुस्तकाला पुन्हा पुन्हा नवे वाचक मिळत गेले.

मी तिला आजचीच म्हणेन. निघून गेलेल्या माणसाचं मनातल्या मनात जाबजबाब घेणं अजून थांबलेलं नाही. मुलांच्या आयुष्यात काय चाललंय हे आई-वडिलांना सगळ्यात शेवटी कळतं, हेही नाशिकच्या कितीतरी घरांत आज तसंच आहे.

३. मराठीत वाचू, इंग्रजीत वाचू, की सरळ सिनेमा पाहू?

मराठीत वाचा. तनय आणि अनुजा ही भावंडं एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात वाढलीत आणि तरी दोघांच्या वाक्यांची चाल निराळी आहे. हा फरक मराठी कानाला सगळ्यात आधी कळतो. इंग्रजी अनुवाद उत्तम आहे. बाहेरगावी राहणाऱ्या, मराठी वाचायची सवय सुटलेल्या भाचे-पुतण्यांना मी तोच सुचवते.

सिनेमा मात्र नंतर पाहा. तो लेखकानेच केला आहे, पण घर पुण्यातून उचलून कोचीला नेलं आहे, काळ नव्वदच्या दशकाचा आहे आणि अनुजा हॉकी खेळते. ही वेगळी कलाकृती आहे. माझी अडचण दुसरीच. त्यांच्या घरी भाड्याने राहायला आलेल्या पाहुण्याला पडद्यावर एक ठरावीक चेहरा मिळतो. पुस्तकात तो प्रत्येक वाचकाला आपापला द्यावा लागतो, आणि पुस्तक नेमकं तिथेच अंगावर येतं. आमच्या गटात ज्यांनी सिनेमा आधी पाहिला होता त्यांना तनय लवकर कळला, पण अनुजाच्या डायरीत ते फारसे रमले नाहीत.

४. मी पुस्तक एका बैठकीत संपवलं, दोनदा रडले, आणि तरी कुणी विचारलं तर ‘आवडलं’ म्हणवत नाही. माझंच काही चुकतंय का?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. शब्द वेगवेगळे होते. कुणी लिहिलं, ‘भाषा आवडली, माणसं आवडली नाहीत.’ कुणी लिहिलं, ‘पुस्तक फेकून द्यावंसं वाटलं आणि मग उशाशी ठेवलं.’

चुकत काहीच नाही. ‘आवडलं का?’ या एका प्रश्नात आपण तीन प्रश्न कोंबतो. लिखाण चांगलं आहे का, ही माणसं मला आपल्या घरी चालतील का, आणि हे वाचून मला बरं वाटलं का. या पुस्तकात तिन्हींची उत्तरं तीन दिशांना जातात. लिखाणाला माझं उत्तर हो आहे, तेही ठासून. माणसांबद्दल विचाराल तर कधी हो, कधी नाही. बरं वाटण्याचं म्हणाल तर नाही, अजिबात नाही. पुस्तक मिटल्यावर मी बराच वेळ दिवा न लावता बसून होते.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले होते. दोघं शहाणी मुलं एका कोऱ्या माणसासाठी स्वतःला इतकं का उधळतात, हा माझा राग होता. काही महिन्यांनी रविवार कारंजावरून जाताना एका अनोळखी माणसाचा शर्ट पाहून मला तनय आठवला. ज्या पुस्तकाशी भांडण संपलं असं मी धरून चालले होते, ते माझ्याबरोबर फिरत होतं. ‘आवडणं’ हा शब्द त्याला पुरत नाही, एवढंच मला आज म्हणता येतं.

५. तनय किती स्वतःपुरता आहे! बहिणीचं एवढं झालं आणि याला स्वतःचंच दुःख. त्याच्याबद्दल माया का वाटावी?

तक्रार खरी आहे, ती मी खोडणार नाही. तनयला मत्सर आहे. तो एकेक आठवण उगाळत बसतो, आणि बहीण परतल्यावरही त्याच्या मनातला ‘तू’ तोच गेलेला माणूस असतो.

आता त्याची बाजू. अनुजा गेली हे घरात सगळ्यांना कळलं. तिच्यावर रागावता येतं, तिची काळजी करता येते, तिला शोधता येतं. तनयचंही माणूस त्याच दिवशी गेलं, पण त्याच्या दुःखाला घरात नावच नाही. त्याला जेवायला हाक मारतात तेव्हा तो त्याच ताटावर बसतो, आणि बाकीचे अनुजाबद्दल बोलत असताना त्याला नुसतं भाऊ म्हणून बसावं लागतं. आपल्याकडे मर्तिकाला दहावा-तेरावा असतो, चार माणसं येऊन बसतात, रडायला मोकळीक असते. या मुलाच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. म्हणून तो स्वतःशीच बोलतो, आणि एकट्याने बोलणारा माणूस स्वतःपुरताच होत जातो. त्याचा दोष तिथेच तयार होताना दिसतो, आणि या पुस्तकातला मला सगळ्यात खरा वाटणारा भाग तोच आहे.

माया वाटलीच पाहिजे असं मात्र नाही. आमच्या गटातल्या एक निवृत्त शिक्षिका आजही म्हणतात, ‘दुःख कळलं, मुलगा आवडला नाही.’ मला त्यांचं वाक्य पटतं.

६. अनुजाचा भाग कोरडा वाटला. तनयनंतर एकदम उतरल्यासारखं होतं. लेखकाचा हात सुटला का?

पहिल्या वाचनात मलाही तेच वाटलं. तनयची आठवण पुढे-मागे हेलकावत जाते, एका वस्तूवरून दुसऱ्या प्रसंगावर उडी मारते. अनुजा सरळ लिहिते. काय झालं, मग काय झालं, आज काय करायचं. तनयच्या नशेतून बाहेर येऊन हे वाचताना तोंडाची चव गेल्यासारखी वाटते.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ कामासाठी अधूनमधून मुंबईला जातात. त्यांनी हे पुस्तक पंचवटी एक्सप्रेसमध्ये वाचलं, सकाळी जाताना तनय आणि संध्याकाळी येताना अनुजा. मध्ये अख्खा दिवस कामात गेला. त्यांचं मत आम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं पडलं, त्यांना अनुजाच जास्त भिडली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दोन भागांत एक दिवस जाऊ द्या.

दुसऱ्या वाचनात मला तो कोरडेपणा तिच्या अवस्थेचा वाटला. जे झालं ते मानून पुढे जायचं आहे, आणि तेही सगळं घर तिच्याकडे टक लावून बघत असताना. अशा वेळी माणूस अलंकारिक लिहीत नाही. तरी एक गोष्ट मान्य करते, तिच्या मनात त्या माणसाबद्दल नेमकं काय होतं हे मला तनयइतकं दिसलं नाही. तिथे पुस्तक तिला थोडं कमी देतं, आणि माझी ही तक्रार अजून मिटलेली नाही.

७. त्या पाहुण्याला नाव का नाही? आणि तो खलनायक आहे की नाही, एकदाचं सांगा.

नाव नसण्याचं मला सुचलेलं कारण साधं आहे. ज्याच्यासाठी जीव टाकला त्याचं नाव कोणी मनात उच्चारत नाही, तिथे तो ‘तू’ असतो, नाहीतर ‘तो’. शिवाय आपल्याकडे माणूस आडनावावरून ओळखतात. आडनाव कळलं की गाव विचारतात, गाव कळलं की पाहुणे-रावळे निघतात. ज्याला आडनावच नाही त्याला हे घर कुठल्याही खणात ठेवू शकत नाही. त्याची भूल पडते ती बऱ्याच अंशी यामुळेच.

खलनायक म्हणायला मी तयार नाही, निर्दोषही म्हणणार नाही. दोन माणसांना त्याने जवळ घेतलं आणि दोघांनाही न सांगता, न निस्तरता निघून गेला. त्याची बाजू पुस्तक आपल्याला देतच नाही. एका बाजूने हे पटतं, कारण सोडून गेलेल्या माणसाची बाजू प्रत्यक्षातही आपल्याला मिळत नाही. दुसऱ्या बाजूने मला वाटतं की लेखकाने त्याला जरा स्वस्तात सोडलं. रिकामी जागा ठेवली की वाचक ती गूढतेने भरतो, आणि गूढ माणसाला जाब विचारायचं राहून जातं. माझं मन इथे दुभंगलेलंच आहे. या प्रश्नावर आमच्या बैठकीतला चहा दोनदा गार झाला.

८. आई-वडील एवढे आंधळे कसे? एका छपराखाली राहून काहीच कळलं नाही?

कळत नाही ते डोळे नसल्यामुळे नाही. ज्या गोष्टीसाठी घरात शब्दच नसतो ती समोर असूनही दिसत नाही. मुलगा पाहुण्याच्या खोलीत तासन्‌तास बसतो, याचा अर्थ ‘बरं झालं, याला मित्र मिळाला.’ मुलगी बसली असती तर पाचव्या मिनिटाला हाक आली असती. त्याच घराची सगळी नजर मुलीवर आणि मुलाकडे पूर्ण काणाडोळा, आणि यात दोघांचंही नुकसान होतं. आई-वडिलांवर राग काढणं सोपं आहे, पण मला तेही घाबरलेले वाटले. थोरला भाऊ असीम पुष्कळांच्या लक्षातही राहत नाही. त्याला एकदा नीट बघा, ‘व्यवस्थित’ मुलगा कसा असतो हे त्या घराने त्याच्यावरूनच ठरवलेलं आहे.

९. ही ‘समलिंगी प्रेमाची कादंबरी’ आहे म्हणून गाजली का? तसं नसतं तर कुणी विचारलं असतं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा कुजबुजत येतो, म्हणून मोकळेपणाने उत्तर देते. पुस्तक आलं त्या २००६ साली भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ पूर्ण लागू होतं, म्हणजे तनयचं प्रेम कायद्याच्या नजरेत गुन्हा होता. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीने एकत्र आलेल्या प्रौढांना त्यातून वगळलं. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि त्याच वर्षी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद आला होता. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले.

हे लक्षात ठेवून तनयचा लपूनछपून बोलण्याचा सूर पुन्हा ऐका. प्रश्न ५ मध्ये ज्याला स्वतःपुरतेपणा म्हटलं, त्यातलं बरंच या भीतीच्या हिशेबात जमा करावं लागतं. एक गोष्ट मला मनापासून आवडली. तनय स्वतःच्या प्रेमाची सफाई देत नाही, ‘मी असा का’ म्हणून उलगडे करत बसत नाही. त्याचं प्रेम त्याला तितकंच साधं आहे जितकं अनुजाला तिचं. नुसता विषय धीट असता तर पुस्तक एवढी वर्षं टिकलं नसतं.

१०. गोष्ट पुण्याची. नाशिकच्या वाचकाला ती इतकी आपली का वाटते?

कारण ती खोली आपल्याकडेही आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, कुठेही जा, वरच्या मजल्यावर बाहेरून जिना असलेली एक खोली असते. आजी-आजोबा गेल्यावर किंवा मुलगा परदेशी गेल्यावर ती रिकामी राहते, आणि मग शिकायला आलेली मुलं किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागलेले तरुण तिथे येतात. ‘फॅमिलीच पाहिजे’, ‘फक्त मुलींसाठी’, ‘व्हेज असेल तरच’ अशा अटी आपण घालतो. त्या अटींमधली भीती या पुस्तकात पूर्ण उघडी पडते.

माझ्या माहेरी, पंचवटीत, असाच एक भाडेकरू होता. तो संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, जाऊन बसायचा, आम्ही पोरंटोरं मागे जायचो. त्याची बदली झाली तेव्हा माझी आत्या दोन दिवस जेवली नव्हती, आणि घरात सगळ्यांनी तिला पित्त झालंय असं धरलं. हे पुस्तक वाचेपर्यंत मलाही ते पित्तच वाटत होतं.

११. मराठी कादंबरीला असं इंग्रजी नाव कशाला?

चित्रकलेच्या दुकानात नुसता ‘निळा द्या’ म्हणून पाहा. दुकानदार विचारेल, अल्ट्रामरीन, प्रशियन की कोबाल्ट? मराठी चित्रकारही ही नावं अशीच घेतात. तनयची आठवणही अशीच एका नेमक्या छटेची आहे, तिथे ‘निळा’ म्हणून भागलं नसतं. या नावाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

१२. एवढी चुकणारी माणसं रंगवून लेखक त्यांचं समर्थन करतो, असं नाही का होत?

माझ्या मते नाही. समर्थन कधी झालं असतं? चुकीची किंमत कुणालाच मोजावी लागली नसती तर. इथे अनुजा मोजते, तनय मोजतो आणि घरही मोजतं. अपवाद एकच, तो पाहुणा, आणि त्यावरचा माझा आक्षेप प्रश्न ७ मध्ये आला आहे.

प्रेमाच्या गोष्टीत निदान एक माणूस तरी धुतल्या तांदळासारखा असावा, ही आपली जुनी सवय. तो सापडला की आपण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो आणि बाकीच्यांना नावं ठेवतो. या पुस्तकात उभं राहायला अशी जागा मिळत नाही. प्रश्न ४ मधली अस्वस्थता मला वाटतं इथूनच येते.

१३. हे पुस्तक आईला वाचायला देऊ का? आणि कॉलेजातल्या मुलाला?

आईला जरूर द्या, पण ‘वाच आणि मत सांग’ असं म्हणू नका. मत मागितलं की घरातली माणसं सावध होतात. टेबलावर ठेवा. गटातल्या एकीच्या सत्तरीतल्या आईने ते आठवडाभर वाचलं, आणि एका संध्याकाळी भाजी निवडताना एवढंच म्हणाली, ‘त्या मुलाशी कुणीतरी बोलायला हवं होतं गं.’ आमच्या दोन रविवारांत एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

अठरा-एकोणीसच्या मुलामुलींनाही द्यायला हरकत नाही, शरीरसंबंधांचे उल्लेख आहेत हे माहीत असू द्या. एकच काळजी घ्या. मुलाबद्दल तुम्हाला काही शंका असेल आणि ती काढण्यासाठी पुस्तक द्यायचं मनात असेल, तर देऊ नका. त्याला ते लगेच कळेल.

१४. मी स्वतः अशाच एका माणसातून नुकताच बाहेर पडतोय. तनयची पहिली काही पानं वाचली आणि पुढे जाताच येईना. जिद्दीने पूर्ण करू का?

नका करू. बाकी सगळ्यांना मी पुस्तक शेवटपर्यंत न्यायला सांगते, तुम्हाला नाही. तनयचं बोलणं गोल गोल फिरतं, आणि ज्याचं मन आधीच गोल फिरतंय त्याला ते आणखी आत ओढतं. पुस्तक वर्षभराने उघडा. तोवर वाचायचंच असेल तर थेट अनुजाची डायरी वाचा. क्रम मोडेल, मोडू द्या. तिचा जो कोरडेपणा इतरांना खटकतो (प्रश्न ६), तो तुम्हाला आधार देईल, कारण त्यात सकाळी उठणं आहे आणि दिवस ढकलणं आहे. आणि कुणाशी तरी बोला. मला लिहिलंत ते बरं केलंत, पण समोर बसून ऐकणारं एखादं माणूस शोधा.

१५. पुस्तक कुठे मिळेल? तुमच्या गटाची प्रत मिळेल का?

आधी टिळकपथावर सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, विचारा. १८४० पासूनचं वाचनालय आहे, तिथे कादंबरी मागायला संकोच कसला. विकत घ्यायची तर मराठी पुस्तकांच्या कुठल्याही चांगल्या दुकानात मागवून घेता येईल.

गटाची प्रत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये साहित्य संमेलन नाशिकला आलं होतं तेव्हा आडगावला पुस्तकांच्या स्टॉलवरून आमच्यातल्या एकाने ती घेतली. आता तिच्या समासात पाच-सहा जणांच्या पेन्सिली फिरल्या आहेत. एका पानावर कुणीतरी ‘मूर्ख’ लिहिलंय, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘हो, पण…’ आहे. खोडरबर वापरायचा नाही, एवढीच अट. सध्या ती देवळालीला एकांकडे आहे. पुढच्या रविवारी परत येईल, आणि तिच्यासाठी तुमच्या आधी दोघांनी नंबर लावून ठेवला आहे.